मदत हवी आहे : रात्री मिडियम वेव्हला नुसती घरघर

मंडळी, आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, आमच्या आप्पांना रात्री जेवणं झाली की रेडिओच्या मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला पुणे नाहीतर ५५८ ला मुंबईची अस्मिता वाहिनी लावायची सवय, मोबाईलवर ॲप काढून दिलं तर म्हणतात त्यात मजा नाय. दिवसा एवढ्या लांबचं नीट लागत नाही, अंधार पडला की लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात म्हणून लागतं, इथपर्यंत कळतंय. पण हल्ली एलईडी ट्यूब, चार्जर चालू असलं की नुसतं घर्रर्र. मेन स्विच पाडून सेलवर लावला की एकदम स्वच्छ! आता रोज अंधारात बसायचं का?

रेडिओ गोल फिरवला की एका बाजूला घरघर कमी होते, आतल्या फेराइटच्या (चुंबकी पदार्थाच्या) अँटेनाच्या कांडीमुळं. तर लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून लूप अँटेना केलाय का कुणी? वेढे किती घ्यायचे, आणि गँग कंडेन्सर (स्टेशन जुळवायला फिरवतात तो भाग) इथं कुठं मिळतो का जुना रेडिओच फोडावा लागंल? चार्जरच्या वायरीला फेराइटचं कडं घालून फरक पडतो का तेपण सांगा. एफएम लावा म्हणू नका, ते दिवसभर चालूच असतंय.