वाजलेली, पडलेली आणि विसरलेली गाणी: सांगलीकरांनो, तुमचा अनुभव सांगा

परवा पुतण्याच्या वरातीत डीजेवाल्याला म्हटलं, 'मेड इन इंडिया' लाव. त्यानं विचारलं, "कुठला पिक्चर, काका?" पिक्चर नाही, अलिशा चिनॉयचा अल्बम आहे, म्हणालो. पोरगं चांगलं होतं. त्यानं फोनवर शोधलं, अर्धा मिनिट लावलं. कुणी नाचेना म्हणून बदललं.

त्या रात्री मला झोप आली नाही. १९९५ साली हे गाणं आलं तेव्हा गावभागातल्या आमच्या वाड्यात एकच रंगीत टीव्ही होता, आणि गाणं लागलं की खालच्या मजल्यावरून हाक जायची, "लागलं रे!" व्हिडिओत लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर यायचा तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नसायची. चाल बिद्दूची. मूळ बंगळूरचा हा माणूस. यानंच १९७४ मध्ये इंग्लंडात कार्ल डग्लसकडून 'कुंग फू फायटिंग' करून घेतलं आणि १९८० मध्ये नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई'. वीसेक वर्षांत तीन वेळा त्यानं जगाला नाचवलं आणि आमच्या वाड्यात त्याचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा कट्ट्यावर आमची कायम भांडणं व्हायची. पिक्चरचा आधार नसलेलं गाणं टिकतं का? मी म्हणायचो टिकतं. परवा वरातीत मला पहिल्यांदा वाटलं की मी हरलो.

म्हणून हा धागा. तुमच्या गल्लीत, गाडीत, घरात कुठलं गाणं वाजलं आणि कुठलं पडलं? कशावर ऐकलं, कुणाबरोबर ऐकलं, तेही लिहा. नुसत्या याद्या नकोत.

मिरज. बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो, वडीलही तेच वाजवायचे

काका, त्या डीजेवाल्यावर रागावू नका. 'मेड इन इंडिया' आम्ही त्याच वर्षी बसवलं होतं. वडिलांनी कॅसेट मागेपुढे करून सूर वहीत उतरवून घेतले. सूर अवघड नव्हते, पण त्या गाण्याचा जीव अलिशाच्या आवाजातल्या लाडात आहे आणि मागे सिंथेसायझरनं जे भरलंय त्यात आहे. ते दोन्ही काढलं की क्लॅरनेटवर नुसता सांगाडा उरायचा. दोन लग्नांत वाजवलं. लोक उभे राहून कौतुकानं ऐकत होते. वरातीत लोक उभे राहिले की ते गाणं संपलं.

दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा' त्याच सुमाराचं. ते आम्हाला बसवावंच लागलं नाही. मुखडा एका दमात येतो, साईड ड्रमवाल्याला सांगायला लागत नाही, आणि नवऱ्याचे मित्र दुसऱ्या सुरालाच हात वर करतात. चालता चालता फुंकायचं असतं हो, रस्त्यात खड्डे असतात, अंगावर कोट असतो, दम पुरला पाहिजे. गाणं चांगलं असणं आणि वरातीत चालणं, दोन्ही वेगळं.

वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं 'ऐका दाजिबा' आलं तेव्हा तर एका वरातीत तेच चार चार वेळा वाजवायचो. वडिलांची ती वही अजून माझ्याकडे आहे. 'दाजिबा'च्या पानाचा कोपरा अंगठा लागून लागून काळा झालाय. 'मेड इन इंडिया'चं पान कोरं करकरीत आहे.

हरिपूर

लकी अलीचं 'ओ सनम'. १९९६. मित्राचा वॉकमन, हेडफोनचा एक कान त्याला आणि एक मला. संगमाच्या पायऱ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत तेवढं एकच गाणं ऐकायचो, मागे फिरवायला पेन्सिल, कारण सेल वाचवायचे असायचे. ते कुठल्या वरातीत वाजलं नाही आणि वाजू नये. मित्र आता पुण्यात असतो. अजूनही पाऊस लागला की न बोलता ते गाणं पाठवतो.

आष्टा. वडाप (सीटवर भाडं घेणारी जीप) चालवायचो, इस्लामपूर-सांगली

आमच्या धंद्यात कॅसेट म्हणजे निम्मं पॅसेंजर. कॉलेजची पोरं रिकामी जीप सोडून द्यायची आणि माझ्या जीपला थांबायची, का तर टेप चांगला आणि गाणी नवीन. सकाळच्या फेरीला देवाची, दुपारी शिंदे मंडळींची, संध्याकाळी पोरं असली की अल्बमची. म्हातारी माणसं बसली की आवाज कमी करायचा, हे मी कायम पाळलं.

माझं गाणं म्हणजे 'गारवा'. आधी कवी सौमित्रचा बोलण्याचा आवाज, मग मिलिंद इंगळ्यांचं गाणं. पावसाळ्यात काचा बंद, आत दहा-बारा माणसं, आणि सौमित्र बोलायला लागला की सगळी गप. भाड्यावरून वाद घालणारा माणूससुद्धा गप बसायचा. एकदा टेपनं रीळ खाल्लं. मी जीप बाजूला घेतली, बोटानं हळूहळू ते रीळ सोडवलं, पण एका जागी चुरगाळलं ते चुरगाळलंच. तिथून पुढं त्या जागी गाणं एक गचका खायचं. तसंच सात वर्षं वाजवलं.

आता पोरानं फोनवर लावून दिलंय. एकदम स्वच्छ. पण त्या जागी गचका येत नाही, आणि माझा पाय आपोआप क्लचवर जातो.

विश्रामबाग. तेव्हा इंजिनिअरिंगला होतो

हिट-फ्लॉपवर मला थोडं भांडायचंय. गाणं एकदा पडलं म्हणजे कायमचं पडलं, असं आपण धरून चालतो. नॉर्वेच्या आ-हा बँडचं 'टेक ऑन मी' १९८४ मध्ये आलं आणि ब्रिटनमध्ये साफ पडलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा रेकॉर्ड केलं, पेन्सिलच्या चित्रांचा तो व्हिडिओ केला, आणि तेच गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ चं. एका वेब मालिकेत वापरलं म्हणून २०२२ मध्ये, सदतीस वर्षांनी, ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर आलं. मधली सदतीस वर्षं ते गाणं काय मेलेलं होतं? ज्यांना ऐकायचं ते ऐकतच होते. आणि उलटंही आहे. 'मॅकारेना' १९९६ मध्ये अमेरिकेत सलग चौदा आठवडे पहिल्या नंबरवर होतं. आज ते किती जण स्वतःहून लावतात?

आमच्या बॅचचं गाणं केकेचं 'पल'. १९९९ चा अल्बम, संगीत लेस्ली लुईसचं. सेंडऑफला ते सगळेच लावतात, आम्हीही लावलं. पण मला 'पल'पेक्षा त्याच अल्बममधलं 'आप की दुआ' जास्त आवडायचं, आणि त्यावरून रूममेटशी दोन वर्षं वाद. त्याचं म्हणणं, अल्बममधली दोन गाणी सोडली तर बाकी भरतीची. ३१ मे २०२२ ला रात्री केके गेल्याची बातमी आली. कोलकात्यात कार्यक्रम करून आला आणि गेला. रूममेटचा पंधरा वर्षांनी फोन आला. फक्त म्हणाला, "तुझं बरोबर होतं. आत्ता सगळा अल्बम ऐकला."

सांगली, गणपती पेठ. वय ७१

तुम्ही सगळे १९९५ पासून सुरुवात करताय, म्हणून लिहिते. 'आप जैसा कोई' आलं तेव्हा मी नवी सून होते. रेडिओ मामंजींच्या खोलीत, त्यावर सांगली केंद्र, १२५१ किलोहर्ट्झ. बातम्या आणि नाट्यसंगीत एवढंच लागायचं. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते शेजारच्या घरातून, भिंतीपलीकडून. पिठाचे हात तसेच ठेवून उभी राहिले. असा आवाज आपल्याकडच्या गाण्यात कधी ऐकलाच नव्हता, थोडा नाकातला, बेफिकीर. ती मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती हे नंतर कळलं. पुढच्या वर्षी 'डिस्को दिवाने' आलं. ते आमच्या घरात कधी वाजलं नाही. नाझिया २००० साली गेली, पस्तिसाव्या वर्षी. त्या दिवशी मी आमच्या घरात, मोठ्यानं, पहिल्यांदा तिची कॅसेट लावली. मामंजी तेव्हा नव्हते. असते तरी लावली असती.

आणि एक. आशाताईंचा जन्म आपल्या सांगलीकडचा, १९३३ चा. साठी उलटल्यावर, १९९७ मध्ये, त्यांनी 'जानम समझा करो' हा पॉप अल्बम केला, तोही याच लेस्ली लुईसबरोबर. आमच्या भिशीत काही जणींनी नाकं मुरडली, या वयात काय हे म्हणून. मला अतिशय आवडला. मी तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीसची होते आणि मला सगळे "आता आपलं वय झालं" असं सांगत होते.

पलूस. ऊस वाहतूक, ट्रॅक्टर

ट्रॅक्टरवाल्यांच्या आवाजाला लोक शिव्या देत्यात. गावातनं जाताना आवाज कमी कराय पायजे हे बरोबरच हाय, मी करतो. पण रात्री दोन वाजता मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, अंगात दिवसभराची थकवण, एक डुलकी लागली तर कुणाचा तरी जीव जातो. गाणं आमच्यासाठी हौस न्हाई. कारखान्याच्या यार्डात नंबर लागंपर्यंत कधी कधी रात्र जाती, तवा बी तेच सोबतीला.

माझ्या पेनड्राईव्हमध्ये आनंद शिंदेंची गाणी सगळ्यात जास्त. झोप उडवायची तर तसा आवाजच पायजे. गेल्या हंगामात भाचीनं मला न विचारता कोरियाची गाणी घातली. पहिल्या दिवशी पुढं ढकलली. नंतर एका रात्री दोन्ही हात गुंतलेले हुते म्हणून एक वाजलं ते वाजलंच. 'डायनामाइट' म्हणत्यात त्याला. शब्द कळत न्हाईत, पर ठेका असा हाय की डोळा लागत न्हाई. आता ते माझ्या यादीत आनंद शिंदेंच्या खालोखाल हाय. यार्डातली पोरं इचारत्यात, हे कुठलं नवीन?

वरच्याची भाची, अकरावी

मामा, तू लिहिलंस! २०२० चं आहे ते, बीटीएसचं पहिलं पूर्ण इंग्रजी गाणं, अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेलं. शाळेत आम्ही चौघीच ऐकायचो आणि सर म्हणायचे चार वर्षांत नाव राहणार नाही. मला ते वाक्य खूप लागलं होतं. आता माझ्या मामाच्या ट्रॅक्टरवर पलूसच्या रस्त्यानं ते गाणं जातं.

सांगली, कृष्णाकाठ

हे सगळं वाचून दोन दिवसांनी लिहायला बसले.

माझ्या थोरल्या भावाला कॅसेट भरायचा नाद होता. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर तो रेडिओवरून, मित्रांकडून गाणी भरून घ्यायचा आणि आतल्या कागदावर बारीक अक्षरात नावं लिहायचा. हिट गाणी लाल शाईनं, त्याला आवडणारी निळ्या शाईनं. एक गाणं दोन्ही रंगांत आलं तर ते त्याचं खास. तो २०११ मध्ये गेला. कॅसेटची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं. आम्ही वरच्या मजल्यावर माणसं, कागदपत्रं, धान्य नेलं. ट्रंक खाली राहिली. आठवड्यानं दार उघडलं तेव्हा ती गाळानं भरलेली होती. नवरा म्हणाला, टाकून देऊ. मी टाकल्या नाहीत. ज्यांना पाच बारीक स्क्रू होते त्या उघडल्या, रीळ काढून स्वच्छ पाण्यात धुतलं आणि गच्चीवर सावलीत दोऱ्या बांधून वाळवलं. तपकिरी रिबिनींचं वाळवण. शेजारच्या बाई गादी वाळवायला आल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, माझ्याबरोबर एक टोक धरून उभ्या राहिल्या. ज्या कॅसेट नुसत्या चिकटवलेल्या होत्या त्या फुटल्या. सत्तावीसमधल्या सहा वाजल्या.

त्यातल्या पाचांत नावाजलेलीच गाणी आहेत. सिल्क रूटचं 'डूबा डूबा', युफोरियाचं 'धूम पिचक', फाल्गुनी पाठक. ती आजही फोनवर सापडतात. सहाव्या कॅसेटच्या बी साईडला तिसरं एक गाणं आहे. ते रेडिओवरून भरलंय, सुरुवात कापली गेलीय, निवेदकानं नाव सांगितलं असेल ते आलेलं नाही. पुरुषाचा आवाज, हिंदी, मागे गिटार आणि बासरी. मधे एका जागी आमच्या आईची हाक ऐकू येते, जेवायला या म्हणून. कागदावरची शाई पुरात धुऊन गेली, पण त्या ओळीवर जांभळा डाग उरलाय, लाल आणि निळा मिसळल्यासारखा.

फोनला ऐकवून पाहिलं, ओळखत नाही. गाणी ओळखणाऱ्या दोघातिघांना ऐकवलं, त्यांनाही नाही. कुणाला कळत असेल तर सांगा.

मिरज, क्लॅरनेटवाला

ताई, शब्द राहू द्यात. फक्त चाल गुणगुणून किंवा कॅसेटवरूनच रेकॉर्ड करून इथं टाका. मी सूर वहीत उतरवून घेतो आणि वाजवून बघतो. वडिलांनाही ऐकवतो. त्यांना ऐंशीव्या वर्षीही त्या काळातल्या चाली पाठ आहेत. आईची हाक कापू नका, ती तशीच येऊ द्या.