ड्रॅगनबॉर्न चोर आणि त्याची जुनी टोळी: उपकथानक सुचवा

खवल्यांची_वही
मंडळी, मदत हवी आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. डीएम, म्हणजे कथा चालवणारी, मी. चार खेळाडू, सगळे चौथ्या लेव्हलला. त्यातली एक जण ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखा दिसणारा माणूस) खेळते: नाव झरक, क्लास रोग (इंग्रजीतला ‘rogue’, म्हणजे चोरटा), वंश हिरव्या ड्रॅगनचा, बॅकग्राउंड क्रिमिनल. तिने लिहून दिलेली बॅकस्टोरी एवढीच: कुणीतरी अंडं चोरून राखटोळी नावाच्या चोरांच्या गिल्डला विकलं, झरक तिथेच वाढला आणि एका रात्री गिल्डची हिशोबाची वही घेऊन पळाला. वहीत काय आहे ते तिनेही ठरवलेलं नाही.

मुख्य कथानक बुडालेल्या मंदिराचं आहे आणि ते मला सोडायचं नाही. हातात सहा सेशन आहेत, दर सेशनला या उपकथानकासाठी जेमतेम अर्धा तास. नवी पुस्तकं, नकाशे, मिनिएचर (टेबलावर ठेवायच्या छोट्या मूर्ती) काही घेणार नाही. यात बसेल असं सुचवा. झरकचा प्रसंग चालू असताना बाकी तिघं फोन बघत बसतील, ही माझी खरी काळजी आहे.

वाड्याचं_भूत
यात विचार कसला करायचा! गिल्डचा म्होरक्या म्हणजे स्वतः हिरवा ड्रॅगन, माणसाच्या रूपात. शेवटच्या सेशनला रूप टाकतो. मी आमच्या टेबलावर हेच केलं. त्यासाठी मोठं मिनिएचर घेतलं होतं, पंख वेगळे जोडावे लागतात असं. ते टेबलावर ठेवल्यावर जी शांतता पसरली ती अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. मिनिएचर घ्याच, पैसे वसूल होतात.

तांबडी_माती
वर +१. ड्रॅगनच म्होरक्या हवा. आणि सहा सेशन फार कमी आहेत, अशा कथेला वर्षभर द्या. आमचं असंच कॅम्पेन अजून चालू आहे.

नियमपोथी
@वाड्याचं_भूत, २०१४च्या नियमांत हिरव्या ड्रॅगनला रूप बदलता येत नाही. ती क्षमता धातूवाल्यांकडे असते, म्हणजे सोनेरी, चंदेरी, कांस्य वगैरे, आणि तीही वय वाढल्यावर. शिवाय चौथ्या लेव्हलच्या पार्टीसमोर (खेळाडूंच्या तुकडीसमोर) प्रौढ हिरवा ड्रॅगन म्हणजे चॅलेंज रेटिंग (शत्रू किती भारी याचा आकडा) १५. त्याचा विषारी श्वास १६ डी६ (सहा बाजूंचे सोळा फासे), सरासरी ५६ नुकसान. पार्टी एका फुंकरीत आडवी.

वाड्याचं_भूत
डीएमने ठरवलं की बदलतं रूप. आमच्याकडे कुणी तक्रार केली नाही.

नियमपोथी
तक्रार केली नाही म्हणून नियम बदलत नाही. पण यातलीच कामाची गोष्ट सांगतो. हिरव्या वंशाच्या ड्रॅगनबॉर्नला विषाचं नुकसान अर्धंच होतं. झरकला गिल्डने का वाढवलं याचं उत्तर तिथेच आहे. विषारी सुया लावलेली कुलुपं, विषारी धुराची तळघरं, तिथे पुढे कोण जाणार? झरक. दुसरं असं, की ड्रॅगनबॉर्न तिसऱ्या वर्षीच दहा वर्षांच्या मुलाएवढा होतो आणि पंधराव्या वर्षी पूर्ण प्रौढ. गिल्डच्या हिशोबात हा लवकर कामाला येणारा आणि विषाला पुरून उरणारा माणूस आहे. असं अंडं कुणी सहज विकत घेत नाही, ते मागणी नोंदवून आणवलं जातं.

शेपटीवाला
झरकला शेपटी आहे का? आमच्या खेळाडूने शेपटीने किल्ल्या उचलायला सुरुवात केली होती.

नियमपोथी
२०१४च्या पुस्तकात ड्रॅगनबॉर्नना पंखही नाहीत आणि शेपटीही नाही, स्पष्ट लिहिलंय.

शेपटीवाला
चित्रकार काढतात की पण. आणि शेपटी नसलेला ड्रॅगन कसला?

तांबडी_माती
शेपटी हवीच. आमच्याकडे आहे.

अर्धवट_नकाशा
विषाचा मुद्दा छान आहे, पण एक दुरुस्ती: विषाला प्रतिकार म्हणजे विषापासून पूर्ण सुटका नाही. नुकसान अर्धं होतं, विषबाधेची अवस्था मात्र इतरांसारखीच लागू होते. म्हणजे झरक लहानपणभर आजारी पडत पडत कुलुपं उघडत होता. हे टेबलावर आणण्याआधी खेळाडूशी नीट बोला. लहान मुलाला राबवण्याचा प्रसंग दाखवायचा, नुसता उल्लेख करायचा की अजिबात नको, हे तिने ठरवावं. बाकी तिघांनाही विचारा. आमच्या टेबलावर अशाच एका प्रसंगानंतर एक मैत्रीण खेळायचीच थांबली, आणि आधी कुणी तिला विचारलंच नव्हतं.

घड्याळजी
@खवल्यांची_वही, ब्लेड्स इन द डार्क घ्या. २०१७चा खेळ आहे, गुन्हेगारी टोळ्यांवरच बेतलेला. आमच्या ग्रुपने तो घेतल्यापासून डन्जन्स अँड ड्रॅगन्सकडे परत वळून बघितलं नाही. त्यातली घड्याळं तर अप्रतिम. एक वर्तुळ काढायचं, त्याचे ४, ६ किंवा ८ भाग करायचे. पार्टीने गडबड केली की एक भाग भरायचा. वर्तुळ भरलं की गिल्ड दारात हजर. खेळाडूंना वर्तुळ उघड दाखवा, भीती आपोआप वाढते.

खवल्यांची_वही
नवीन काही घेणार नाही असं वर लिहिलंय. पण वर्तुळाला कागद-पेन्सिल पुरेल, त्यामुळे आभार.

घड्याळजी
तरी घ्याच. कधी ना कधी लागेल.

काळोखी_गल्ली
चोरांची सांकेतिक भाषा विसरू नका! रोगना ती फुकट मिळते आणि कुणी वापरतच नाही. साधं बोलायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ त्या भाषेत निरोप द्यायला लागतो, असं पुस्तकातच आहे. म्हणजे दारूच्या गुत्त्यात कुणीतरी झरकशी कोंबड्यांच्या झुंजीबद्दल पाल्हाळ लावतो आणि त्यातून दोनच शब्द निघतात: ‘वही दे’. बाकीच्या तिघांना फक्त कोंबड्या ऐकू येतात. माझ्या खेळात हे इतकं रंगलं की सगळेच ती भाषा शिकायला निघाले.

वाड्याचं_भूत
आणि तो निरोप देणारा म्हणजे वेषांतर केलेला ड्रॅगन!

दिव्याची_वात
मी फारशी लिहीत नाही, पण बाकी तिघांच्या काळजीबद्दल बोलते. मी दुसऱ्याच्या उपकथानकात बसून कंटाळलेली खेळाडू आहे. आमच्या डीएमने एका वॉरलॉकचा (जादूवाल्या पात्राचा) गुन्हेगारी भूतकाळ काढला आणि तासन्‌तास तो एकटा आणि डीएम बोलत राहिले. म्होरक्या ड्रॅगन होता, मिनिएचरही होतं. आम्हाला काय त्याचं? त्या कथेत आमचं काही अडकलेलंच नव्हतं.

वहीत प्रत्येक खेळाडूची एक ओळ टाका. क्लेरिकच्या (पुजारी पात्राच्या) गुरूने मंदिराचं छप्पर बांधायला कुणाकडून पैसे घेतले, फायटरच्या भावाची नोकरी कुणाच्या शब्दावर लागली, अशी. ओळ तुम्ही लिहू नका, त्या त्या खेळाडूला लिहायला सांगा. मग वही उघडली की चौघांनाही ती आपली वाटेल, आणि झरकला ठरवावं लागेल की मित्राचं नाव मित्राला दाखवायचं का.

तांबडी_माती
हेच म्हणणार होतो. सगळ्यांना गुंतवा. पण ड्रॅगन हवाच.

अर्धवट_नकाशा
ड्रॅगन हवा असेल तर म्होरक्या करू नका, सावकार करा. ड्रॅगन १०१व्या वर्षी प्रौढ होतो आणि ८००पर्यंत तसाच असतो. तेवढ्यात गिल्डच्या म्होरक्यांच्या कितीतरी पिढ्या उलटतात. गिल्डचं भांडवलच त्याचं आहे, आणि त्याला घाई नाही. तो सहा सेशनमध्ये समोर येण्याची गरजही नाही.

खवल्यांची_वही
सगळ्यांचे आभार. खेळाडूशी बोलले. बालपणाचा उल्लेख चालेल, प्रसंग नको, असं ती म्हणाली. ठरलं ते लिहिते.

ड्रॅगन नाही. सावकार म्हणूनही नाही. घड्याळही नाही, कारण गिल्ड झरकच्या मागे लागलेलाच नाही. वही गेली त्या दिवसापासून गिल्डला आपलं येणं कुणाकडे किती हे सिद्ध करता येत नाही. कर्जदार हात वर करताहेत, लाच घेणारे पहारेकरी ओळख दाखवत नाहीत, जुनी माणसं उपाशी आहेत. सेशन एकमध्ये गुत्त्यात जी बाई झरकजवळ येऊन बसते ती त्याला कुलुपं शिकवणारी. सांकेतिक भाषेत ती वही मागत नाही, एकच पान वाचून दाखव म्हणते. ते पान तिच्या स्वतःच्या कर्जाचं आहे, आणि ते फेडलंय की नाही हे फक्त वहीत आहे.

पुढच्या प्रत्येक सेशनला असंच एक माणूस, एक पान, अर्धा तास. त्यात तीन पानं बाकीच्या तिघांनी लिहिलेली. दिव्याची_वात, ही कल्पना तुमची, मनापासून आभार. सहाव्याला झरकने ठरवायचं: वही जाळायची, परत द्यायची, की स्वतः वसुली सुरू करायची. अंडं कुणी विकलं तेही वहीत आहे, पण ते पान वाचायचं की नाही हे मी खेळाडूवर सोडलंय.

वाड्याचं_भूत
लढाई कुठे आहे यात? सहा सेशन नुसतं हिशोब वाचणार?

खवल्यांची_वही
लढाया बुडालेल्या मंदिरात भरपूर आहेत. हा अर्धा तास बोलण्याचाच ठेवणार आहे.

नियमपोथी
वही सांकेतिक भाषेत असेल तर बाकीच्यांना स्वतःची ओळ वाचता येणार नाही. झरक सांगेल ते खरं मानावं लागेल. हे मुद्दाम ठेवलंय का?

खवल्यांची_वही
हो, मुद्दाम. आणि ती खोटं बोलली तर पर्सेप्शनचे (बारकाईने बघण्या-ऐकण्याचे) फासे टाकू देणार नाही, इनसाइटचे (मन ओळखण्याचे) टाकू देईन. तिला तसं आधीच सांगितलंय.

शेपटीवाला
शेपटीचं काय ठरलं?

खवल्यांची_वही
खेळाडू म्हणाली नको.