संसर्गजन्य आजाराच्या संपर्कात आलात, मग काय केलंत? नागपूरकरांचे अनुभव

त्रिमूर्तीनगर (धागा सुरू करणारी)

आजार झाल्यावर काय करायचं ते सांगणारे पुष्कळ भेटतात. पण काल ज्याच्या मांडीला मांडी लावून जेवलो त्याला काहीतरी निघालं असं कळतं, आपल्याला अजून काहीच झालेलं नसतं, आणि पुढचे दिवस जीव टांगणीला लागतो, त्या दिवसांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. हा धागा त्या दिवसांसाठी. कोणता आजार होता, कोणाला विचारलं, कशाचा उपयोग झाला, ते मोकळेपणाने लिहा. ऐकीव नको, घरातलं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर नात्यातलं लग्न होतं. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात, म्हणजे ती व्हायची होती. लग्नानंतर लगेचच नणंदेचा फोन आला. वधूपक्षाच्या खोलीत जो भाचा हिला खेळवत होता, त्याला ताप होता, डोळे लाल होते, आणि आता अंगावर पुरळ आलंय. डॉक्टर गोवर म्हणतायत. सासूबाई म्हणाल्या, "हिला तर काही झालं नाही न, मग कशाला दवाखाना?"

तरी मी फोन केला. डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या. भेट नेमकी कधी झाली, दोघं एकाच खोलीत होते का, बाळाचं वय काय. मग म्हणाले, आजच घेऊन या. संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर ती आजार अडवू शकते किंवा सौम्य करू शकते, आणि अशा वेळी सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही देता येते. ते तास उलटले तर सहा दिवसांपर्यंत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन हा पर्याय उरतो. ताप यायची वाट बघत बसलो असतो तर दोन्ही दारं बंद झाली असती. गोवरात संपर्कापासून पुरळ येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, घड्याळ मात्र भेटीच्या क्षणापासून सुरू होतं.

आणखी एक सांगितलं, ते मी आता सगळ्या आयांना सांगते. ताप आलाच तर सरळ ओपीडीत येऊन बसू नका, आधी फोन करा. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि तिथे बाकड्यावर इतरांची तान्ही बाळं असतात. मुलीला पुढे काही झालं नाही. ही लवकर दिलेली मात्रा वेळापत्रकात धरत नाहीत. नववा महिना आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांमधली, अशा दोन्ही मात्रा नंतर दिल्याच.

मानेवाडा

आमच्याकडे टीबी. सासऱ्यांचा खोकला थांबत नव्हता, संध्याकाळी कणकण, पँट कमरेत ढिली होऊ लागली. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा टीबी निघाला. त्यांचं औषध लगेच सुरू झालं. पण मला लिहायचंय ते बाकीच्या घराबद्दल.

आरोग्य केंद्राची ताई घरी आली. ओसरीवर बसून तिने सगळ्यांची नावं लिहून घेतली, मुलांची आधी. कोणाला खोकला, कोणाला ताप, कोणाचं वजन उतरलंय, एकेकाला विचारलं. मोठ्यांचे छातीचे एक्स-रे काढायला लावले. कोणालाच आजार नाही असं ठरल्यावर ती म्हणाली, आता तुम्हा सगळ्यांना गोळ्या सुरू करायच्या. माझे मिस्टर उसळलेच. "आम्ही ठणठणीत आहो न बाप्पा, औषध कशाचं?"

तिने न चिडता समजावलं. टीबीचा जंतू शरीरात शिरतो आणि झोपून राहतो. बहुतेकांच्या शरीरात तो जन्मभर झोपलेलाच असतो, दहातल्या नऊ जणांना तर आजार होतच नाही. पण ज्याला होतो त्याला बहुधा पहिल्या दोन वर्षांत होतो, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर धोका जास्त. जंतू झोपेत असतानाच त्याला मारायची ही औषधं. आम्हाला आयसोनियाझिड मिळाली, रोज एक, सहा महिने. आठवड्यातून एकदाच, अशी बारा आठवडे दोन औषधं एकत्र घ्यायचीही पद्धत आहे. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. हे सगळं सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतं. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी असते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, जेवणावरची वासना उडाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायला या, हे तिने मिस्टरांकडून परत म्हणवून घेतलं.

आमच्या नागपुरी घरांसाठी एक खास गोष्ट. टीबी हवेतून पसरतो, म्हणून हवा खेळती हवी. मे महिन्यात आपण काय करतो? ऊन लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले. कूलर खिडकीत असेल आणि समोरची खिडकी उघडी असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि आतली बाहेर जाते. सासऱ्यांच्या खोलीचं समोरचं झरोक्याचं दार आम्ही विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलं. एसीच्या बंद खोलीपेक्षा ते कितीतरी बरं. नाहीतरी समोरची खिडकी लावली की कूलर नुसता दमट करतो.

मिस्टरांनी गोळ्या पूर्ण केल्या. सासरे आता रोज सकाळी चौकापर्यंत चालून येतात.

पारडी

ताई, ताटवाटी वेगळी केली होती का? आमच्या शेजारी एका मुलीला टीबी आहे, तिचं सगळंच वेगळं केलं आहे. पोट्टी दिवसभर मागच्या खोलीत एकटी बसून राहते.

मेडिकल चौक, परिचारिका

पारडीच्या ताईंना उत्तर मी देते, माझं रोजचं काम आहे. ताट, वाटी, पांघरूण, साबण, यातून टीबी पसरत नाही. खोकला-शिंकेतून उडणाऱ्या बारीक कणांतून पसरतो. तिने तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी, सुरुवातीचे आठवडे हवेशीर खोलीत वेगळं झोपावं आणि औषध एकही दिवस चुकवू नये. औषध लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत तिच्यापासून पसरण्याचा धोका बराच कमी होतो. तिला दिवसा अंगणात बसू द्या. तुम्हीही जाऊन बसा, मोकळ्या हवेत काही होत नाही. घरच्यांची तपासणी झाली का, एवढं मात्र नक्की विचारा. नसेल तर निक्षय या सरकारी टीबी हेल्पलाइनच्या १८००-११-६६६६ या क्रमांकावर फोन करायला सांगा, फुकट आहे.

आता माझा अनुभव, वेगळ्या प्रकारचा. नोकरीच्या सुरुवातीला, रात्रपाळीत, रक्त काढलेली सुई टोपण न लावता ट्रेमध्ये राहिली होती आणि ती माझ्या बोटात गेली. हातमोज्यावर तांबडा ठिपका मोठा होत गेलेला आजही दिसतो. सिनियर सिस्टरने पहिलं काय केलं असेल तर माझा हात नळाखाली धरला. साबण आणि वाहतं पाणी. मी बोट पिळायला लागले तर तिने हात बाजूला केला. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही.

मग रात्रीच ड्युटी डॉक्टरांना कळवलं आणि नोंद केली. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत सुरू करतात आणि ७२ तासांनंतर सुरू करण्यात अर्थ उरत नाही. सुरू केलं की २८ दिवस. रुग्णाचं रक्त तपासलं, माझंही तपासलं. त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर माझं औषध थांबवलं. सगळ्यांना एचआयव्हीचीच धडकी भरते. पण बाधित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. माझे लशीचे तिन्ही डोस झालेले होते, म्हणून त्या रात्री सिस्टरच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

एक गोष्ट मनापासून लिहिते. आमच्याकडे सफाई करणाऱ्या मावशींना कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचते आणि त्या सांगत नाहीत. कंत्राट जाईल, पगार कापतील, "तूच नीट धरली नसशील" म्हणतील, ही भीती. हात पदराला पुसून कामाला लागतात. तुमच्या ओळखीत कोणी दवाखान्यात, लॅबमध्ये, कचरागाडीवर काम करत असेल तर हिपॅटायटिस बीची लस झाली का ते आज विचारा. आणि टोचलं तर पाळी संपायची वाट न बघता त्याच तासाला सांगा.

नंदनवन, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

मी गडचिरोली जिल्ह्यातला, इथे रूम करून राहतो. एका खोलीत तिघं. एका मित्राला खरूज झाली. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर बारीक पुरळ, रात्री खाजवून खाजवून हैराण. आम्हा दोघांना काहीच नव्हतं. त्वचारोगवाले डॉक्टर म्हणाले, तिघांनी एकाच रात्री मलम लावा. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून "मले नाही होऊन राहिलं" याला काही अर्थ नाही.

परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीतसुद्धा. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ, आठवड्याने पुन्हा. चादरी, टॉवेल, घातलेले कपडे गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर ठेवलं, गादी टेरेसवर उन्हात टाकली. खाज दोन-तीन आठवडे राहते. मलम लागू पडलं नाही असं वाटून रोज लावत बसू नका, त्याने कातडी आणखी चिडते. घरमालकांना सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं. काकूंनी पाणी तापवायला स्वतःचा गिझर वापरू दिला.

महाल

एकत्र कुटुंब, मी पाचव्या महिन्यात, आणि जावेच्या मुलाला कांजण्या. घरात "माता आली" म्हणून दाराला कडुनिंब, सगळ्यांनी पाया पडायचं. मी सासूबाईंना म्हटलं, कडुनिंब राहू द्या, पण मी आज आईकडे जाते. त्या नाराज झाल्या नाहीत, उलट म्हणाल्या, जा बाई, पोटातल्याला जपायचं.

तसं पाहिलं तर संपर्क होऊन गेलाच होता, कारण पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजण्या पसरतात. म्हणून आईकडे जाणं पुरेसं नव्हतं. माझ्या डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न विचारले, लहानपणी तुला झाल्या होत्या का, लस घेतली होती का. आईला नीट आठवेना. मग रक्तातली प्रतिकारशक्ती तपासली. ती होती, म्हणून काहीच करावं लागलं नाही. नसती तर गरोदरपणात लस देत नाहीत, दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचा विचार करतात. गर्भवतींनो, हा फोन दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि कांजण्यांच्या तापात मुलाला ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉल चालतं.

सतरंजीपुरा

शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला आणि एप्रिलमध्ये आमचा भाग बांबूंनी बंद झाला. गल्ल्याच्या गल्ल्या विलगीकरणात गेल्या. माझ्या घरचेही गेले. तिथे काय गैरसोय झाली ते लिहायला मी आलो नाही. लिहायचंय ते परतल्यानंतरचं. दूधवाला दारात थांबेना, वस्तीचं नाव सांगितलं की माणूस दोन पावलं मागे सरकायचा. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या लाटेत लोक संपर्काची नावंच सांगेनात. आमच्याच नात्यात एका घराने ताप लपवला आणि त्या घरातली म्हातारी माणसं उशिरा दवाखान्यात पोचली.

म्हणून कोणी फोन करून म्हणालं, "भाऊ, मला निघालंय, तू परवा माझ्यासोबत होतास", तर त्याला आधी धन्यवाद म्हणा. "मग तू आलाच काहून?" हे विचारू नका. त्याने सांगितलं नसतं तर तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना कोण वाचवणार होतं?

उमरेड रोड

वरच्या प्रतिसादाला जोडून. वरोऱ्याच्या आनंदवनाचं नाव आपण विदर्भातले लोक लहानपणापासून आदराने घेतो. तरी गल्लीत एकाला कुष्ठरोग निघाला तेव्हा लोक त्याच्या पानठेल्यावर जाईनासे झाले. आशाताई घरोघर आली. अंगावर न दुखणारा, बधिर, फिकट चट्टा आहे का बघितलं आणि जवळच्या संपर्कातल्या लोकांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा तिच्यासमोर घ्यायला लावली. आधी टीबीची लक्षणं, काविळीचा इतिहास, गरोदरपण विचारलं, तसं असेल तर ती देत नाहीत. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. बहुतेकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध मुळातच ताकद असते, आणि रुग्णाचं औषध सुरू झालं की त्याच्यापासून पसरणं लवकरच थांबतं. मी त्याच्या ठेल्यावर रोज जाऊन खर्रा नाही पण चहा घेत होतो, सगळ्यांना दिसेल असा उभा राहून.

जरीपटका

डोळे आले होते तेव्हाचं थोडक्यात. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या अर्ध्या ऑफिसला झालं. नुसतं डोळ्यांत बघून होत नाही, हात आणि रुमालातून होतं. स्वतःचा टॉवेल, उशीचा अभ्रा रोज बदलणं, हात धुणं. मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने घेऊ नका.

हिंगणा

माझ्या मुलाच्या वर्गात एकाला गालगुंड झालंय. याला अजून काही नाही. शाळेत पाठवू की नको?

प्रतापनगर, शिक्षिका

पाठवा, पण वर्गशिक्षिकेला कळवून ठेवा. संपर्कानंतर साधारण १२ ते २५ दिवसांत दिसतं, तेवढे दिवस रोज सकाळी कानाखाली हात लावून बघा, दुखतंय का विचारा. बाटली आणि डबा मित्रांसोबत वाटून घेऊ नको म्हणावं. सूज आलीच तर ती आल्यापासून पाच दिवस घरी. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) झाली असेल तर ते कार्ड शोधून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच मागतील.

हिंगणा

कार्ड सापडलं. एकच डोस झालाय, दुसरा राहून गेला होता. उद्या घेऊन जाते.

मेडिकल चौक, परिचारिका

घेऊन जा. संपर्क होऊन गेलाय, त्यामुळे या वेळचं गालगुंड त्याने टळेलच असं नाही, पण पुढच्यासाठी तो डोस हवाच. आणि घरात गर्भवती कोणी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.