मदत हवी आहे: प्रागमधील थंडीत जलरंगाचा वॉश वाळत नाही, तोवर ऊन निघून जाते

नमस्कार. कामानिमित्त गेले काही महिने मी प्रागमध्ये राहत आहे आणि शनिवार-रविवारी जलरंगांत शहराची स्पॉटवर चित्रे करण्याचा प्रयत्न करतो आहे. याआधीचा माझा सगळा सराव वाई, मेणवली आणि नाशिकच्या घाटांवरचा आहे. तिथे एप्रिलमध्ये पहिला वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) दोन-तीन मिनिटांत वाळतो आणि खरी धडपड तो लवकर वाळू नये यासाठी करावी लागते. इथे नेमके उलटे झाले आहे.

सध्या मी काम्पा बेटावर, व्हल्तावा नदीच्या काठाशी बसून कार्ल पूल आणि पलीकडच्या तीरावरचा जुन्या नगराचा बुरूज रंगवतो. पुलाचे बांधकाम 1357 मध्ये सुरू झाले. वालुकाश्म आता इतका काळवंडला आहे की तो उन्हात मधासारखा पिवळसर आणि सावलीत जवळजवळ कोळशासारखा दिसतो. बुरुजाची माझ्याकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू 1648 च्या स्वीडिश वेढ्यात खराब झाली आणि तिच्यावरचे बहुतेक कोरीवकाम गेले, त्यामुळे या बाजूने बुरूज म्हणजे एक सपाट, उंच भिंतच आहे. नक्षीच्या आधाराने चित्र सावरून नेण्याची सोय नाही, जे काही साधायचे ते टोनमध्येच, म्हणजे रंगाच्या फिक्या-गडदपणातच साधावे लागते.

अडचण अशी की संध्याकाळी पाचच्या सुमारास तापमान आठ-नऊ अंशांवर येते, नदीकाठची हवा दमट असते आणि आकाशाचा वॉश वीस-पंचवीस मिनिटे झाली तरी ओलाच राहतो. ऑक्टोबरच्या मध्यात इथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 31 अंशांवर असतो (त्याच दिवशी पुण्यात तो सुमारे 63 अंशांवर असतो), त्यामुळे सावल्या दिवसभर लांबच लांब असतात आणि दुपारनंतर पाहता पाहता सरकतात. त्यातून सूर्य पेत्रशीन टेकडीमागे जातो तो सूर्यास्ताच्या बराच आधी, आणि टेकडीची सावली बुरुजावर खालून वर चढू लागते. मी दुसरा वॉश द्यायला ब्रश उचलेपर्यंत ऊन फक्त छपराच्या टोकांवर उरलेले असते.

गेल्या शनिवारी धीर सुटला. आकाश वरवर वाळल्यासारखे दिसले म्हणून बुरुजाच्या कडेला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा गडद राखाडी लावला. रंग कडेवर थांबला नाही, आकाशात शिरला, त्याला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी झालर आली आणि खाली बोर्डाच्या काठाशी थेंब लटकून राहिला. कागद 300 जीएसएमचा, पूर्ण सुती आहे, तेव्हा दोष कागदाचा नसावा.

येथील जाणकारांना माझी विनंती अशी आहे की, अशा हवेत स्वतः काम केलेले कोणी असेल तर त्यांनी क्रम कसा ठेवला ते सांगावे. मला दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे आल्याबरोबर पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने पक्क्या करून, पुढे ऊन कुठेही गेले तरी त्यांना न हलवणे. दुसरा म्हणजे आकाश कोरेच सोडून बुरूज व पूल आधी, एकाच वॉशमध्ये उरकणे. दुसऱ्या मार्गात आकाश शेवटी भरताना बुरुजाची कड विस्कटेल अशी भीती वाटते. पाण्यात थोडी व्होडका घातल्यास वॉश लवकर वाळतो असेही ऐकले आहे. तसे करून पाहिलेल्यांनी कागदावर आणि रंगाच्या पसरण्यावर काय परिणाम झाला तेही लिहावे.

ऑस्ट्रियन चित्रकार ओस्कार कोकोश्का 1934 ते 1938 या काळात प्रागमध्ये राहिला आणि त्याने याच नदीची, पुलांची दृश्ये रंगवली, पण ती तैलरंगांत. ओल्यावर ओले लावण्याची त्याला मुभा होती. कृपया मला तैलरंगांकडे वळण्याचा सल्ला देऊ नये, भाड्याच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास चालणार नाही. ग्वाशबद्दल मात्र जरूर सांगावे, कारण अपारदर्शक रंगाने उजेड शेवटी वरून लावता आला तर निम्मी घाई कमी होईल.

उत्तरे जरा लवकर मिळाली तर बरे होईल. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातील आणि मग सूर्यास्तच पावणेपाचच्या सुमारास होईल. त्याआधी माझ्या हाती दोनच शनिवार आहेत.