शब्दचर्चा : ‘फायान्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्राचीन इजिप्तच्या दागिन्यांवर मुलांसाठी लिहिते आहे. ममीच्या अंगावरचे निळे-हिरवे मणी, ‘वेसेख’ नावाचा रुंद गळपट्टा, छोटे ताईत, यांतलं कितीतरी फायान्स नावाच्या झिलईदार पदार्थाचं. ‘चिनीमातीचे मणी’ म्हटलं तर चालेल का?

– नको, कारण त्यात माती नाहीच. गारगोटीची पूड किंवा वाळू, थोडा चुना आणि नेट्रॉनचा (नैसर्गिक सोड्याचा) खार किंवा वनस्पतींची राख, एवढाच ऐवज. निळा रंग तांब्याचा. खरं तर ‘फायान्स’ हेही उसनं नाव. इटलीतल्या फाएन्झा गावची झिलईची भांडी प्रसिद्ध होती, त्यांचं नाव इजिप्तच्या वस्तूंना नंतर चिकटलं. आता त्यावर आपण आणखी एक चुकीचं नाव चढवायला नको.

– मग काचेचे मणी?

– काचही नाही. काच सगळी वितळते. इथे आतला गाभा दाणेदारच राहतो, वितळतं ते वरचं कवच. आणि ते कवच येतं कसं, यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे : लोणा. ओल्या भिंतीला लोणा फुटतो ना, तसंच. मणी वाळताना पाण्याबरोबर आतले क्षार पृष्ठभागावर येतात, पांढरा थर धरतो, भट्टीत तोच वितळून झिलई होते. झिलईची ही एकच रीत नव्हती, पण मुलांना हीच सांगा, लगेच कळेल.

– इजिप्तचे लोक स्वतः याला ‘चेहेनेत’ म्हणत, म्हणजे झळाळणारं. घटक कुठले याचा त्या नावात पत्ता नाही, नाव पडलं ते तेजावरून. मला हे फार आवडतं. सक्कारा इथे जोसर या फारोच्या, म्हणजे राजाच्या, पायऱ्यांच्या पिरॅमिडखालच्या दालनांत अशा सुमारे ३६,००० निळ्या फरशा होत्या. त्यामुळे ‘गरिबांचा नीलमणी’ असं काही लिहू नका, फारोंनाही ते हवंच होतं.

– ‘झळमणी’ कसं वाटतं?

– गोड आहे, पण फरशीला आणि पेल्याला कसं लावणार? हडप्पा-मोहेंजोदडोलाही फायान्सच्या बांगड्या सापडल्या आहेत, तिथेही शब्द चालायला हवा. पदार्थाला फायान्सच म्हणा, पहिल्यांदा येईल तिथे फोड करा.

– ठरलं. वाक्य असं करते : ‘हा गळपट्टा फायान्सचा, म्हणजे गारेची पूड भाजून, अंगचीच झिलई आणलेल्या मण्यांचा आहे.’ आणि लोण्याची गोष्ट चौकटीत.

– ‘लोण्याची’ नको हो, मुलं लोणी समजतील! ‘लोणा फुटण्याची गोष्ट’ करा.