गावाच्या स्मरणिकेत इतिहास लिहायचाय, आणि सगळं १९५६ पासूनच सुरू होतंय

रताळ्याची_वेल विचारते:

नमस्कार. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याच्या हद्दीला चिकटून. दीडशे-पावणेदोनशे उंबरे. भात, रताळी, थोडा ऊस. पुढच्या वर्षी बऱ्याच वर्षांनी लक्ष्मी यात्रा आहे, स्मरणिका निघणार आहे, आणि 'गावाचा इतिहास' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. कारण एवढंच की मी पुण्यात असते आणि मला मराठी टायपिंग येतं.

गावात फोन लावला की प्रत्येक जण १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरुवात करतो. म्हैसूर राज्यात गेलो, दर १ नोव्हेंबरचा काळा दिन, सीमावादावरचा महाजन आयोग, १९८६ ची कन्नडसक्ती. ते मी लिहीनच. पण त्याआधी इथे माणसं राहत नव्हती का? आणि त्यानंतरही मोर्चा नसेल त्या दिवशी काय चालायचं?

माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत. आजोबांच्या ट्रंकेत शेताचा एक जुना उतारा सापडला. त्यात पणजोबांचं नाव आहे, पण मालक म्हणून नाही, कूळ म्हणून. घरात आजवर सगळे सांगत आले की शेत 'पहिल्यापासून आपलंच'. दुसरं, आजीचं एक वाक्य. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, आणि आजोबांच्या बहिणीचा विषय निघाला की म्हणते, "वन्सना सरकारनं शेत दिलं, आम्हाला नुसतं बघत बसवलं." वन्संचं सासर आमच्या शिवारातून दिसतं, फक्त ते महाराष्ट्रात आहे. हे काय प्रकरण आहे, कुणी सांगेल का?

मोडीवाचक लिहितात:

आधी कुठे बघायचं ते सांगतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगावचा आहे, १८८४ चा. त्यात तुमच्या गावावर परिच्छेद मिळेल ही आशा ठेवू नका, पण तालुक्याची जमीन, पिकं, सारा, सावकारी यावर भरपूर आहे. दुसरं, १९५१ च्या जनगणनेची बेळगाव जिल्ह्याची पुस्तिका. त्या जनगणनेत लोकांची विभागणी उपजीविकेवरून केली होती: स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची कसणारे, शेतमजूर, आणि स्वतः न कसता कुळांकडून खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, खाणारे. गावाच्या ओळीत दुसऱ्या वर्गाचा आकडा बघा. गाव 'पहिल्यापासून आपलंच' होतं की नाही ते कळेल.

घरात मोडीतले कागद असतील तर लॅमिनेशन करू नका. हात जोडून सांगतो.

शिनोळी_नाका लिहितात:

ताई, लोक १९५६ पासून सांगतात कारण त्याच दिवशी गाव तोडलं गेलं. ४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राची हाक निघाली आणि दहा वर्षांनी बेळगावच बाहेर राहिलं. सेनापती बापट उपोषणाला बसले तेव्हा कुठे ६६ साली महाजन आयोग आला. त्यानं २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली, बेळगाव शहर तिकडेच ठेवलं. आपली मागणी ८६५ गावांची, दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. हे सोडून कुळाच्या कागदात इतिहास शोधायला लागलात तर विरोधकांना तेच पाहिजे आहे.

माळावरचा_म्हातारा लिहितात:

पोरी, तुझ्या आजीचं वाक्य वाचलं आणि ताटावरून उठून लिहायला बसलो. मी तुमच्याच पट्ट्यातला. प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आता रताळी करतो. वय विचारू नकोस.

आधी हद्द समजून घे. ५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूरला दिला, 'चंदगड तालुका वगळून'. एवढ्या तीन शब्दांवर आमची आजची सीमा उभी आहे. म्हणजे ही काही डोंगरानं, नदीनं किंवा भाषेनं आखलेली रेघ नव्हे. जुनी तालुक्याची हद्द होती, ती एका रात्रीत राज्याची झाली. माझ्या मामाचं गाव वैजनाथाच्या डोंगराखाली, तिकडच्या बाजूला. आमच्या भाऊबंदातल्या एकाच्या शेताचा बांध आणि मामाच्या शेताचा बांध एकच. बांधाच्या अलीकडे कन्नडातला उतारा, पलीकडे मराठीतला सातबारा. बैल मात्र दोन्हीकडे तेच.

तसं आमच्याकडच्या माणसाला रेघा काही नवीन नव्हत्या. बेळगावाला लागूनच शहापूर, ते ४८ पर्यंत सांगली संस्थानात. माझे आजोबा बाजाराला जायचे ते इंग्रजाच्या मुलखातून पटवर्धनांच्या मुलखात जाऊन संध्याकाळी परत. खरं त्या रेघेनं शेताला काही केलं नव्हतं. ५६ च्या रेघेनं केलं.

आता तुझ्या आजीच्या बोलण्याकडे येतो. मुंबई राज्याचा कूळकायदा ४८ चा. तो बेळगावलाही होता, चंदगडलाही, आपण एकाच राज्यात होतो ना! पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला: त्या दिवशी जो कूळ म्हणून शेत कसतोय तो त्याचा मालक मानायचा, किंमत मागाहून ठरवायची. कलम ३२ ग म्हणतात ते हेच. आणि त्याच्या आधी पाच महिने आपण म्हैसूरमध्ये गेलो. तिकडे कृषक दिन उगवला, इकडे आलाच नाही. म्हैसूरचा कायदा ६१ चा, अंमलात आला ६५ साली, आणि त्याला खरे दात आले ते देवराज अर्स मुख्यमंत्री असताना, ७४ च्या दुरुस्तीनं. १ मार्च १९७४ ला कुळाकडच्या जमिनी सरकारात जमा झाल्या, मग कुळानं सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि ट्रिब्युनलपुढे जायचं. फॉर्मची मुदत वाढत वाढत ७९ च्या जूनपर्यंत गेली.

५७ आणि ७४. सतरा वर्षं. एका बांधाच्या दोन बाजूंना.

या सतरा वर्षांत काय झालं ते आमच्या घरातलं सांगतो. मालक बेळगावात राहायचा, नाव लिहीत नाही. पलीकडे मामाला जमीन मिळाली हे त्यालाही कळलं होतं की. इकडे कधी ना कधी हे येणार म्हणून तो शहाणा झाला. एका वर्षी वरची पट्टी आमच्याकडे, दुसऱ्या वर्षी काढून शेजाऱ्याकडे, म्हणजे कुणाचंच नाव सलग लागू नये. खंडाची पावती कधीच नाही. एकदा 'सोसायटीच्या कर्जाला पाहिजे' म्हणून आजोबांचा अंगठा घेतला, तो निघाला जमीन राजीखुशीनं सोडल्याचा राजीनामा. आजोबांना वाचता येत नव्हतं. माझ्या मास्तरकीचं मूळ त्या अंगठ्यात आहे. ७४ ला फॉर्म भरला तो त्या राजीनाम्यावर अडला. शेवटी खालची दोन एकर मिळाली, वरची पट्टी गेली ती गेलीच.

शिनोळी नाका, तुमच्यावर रागावलो नाही. मी पण ८६ ला रस्त्यावर होतो, पाठीवर वळ घेऊन घरी आलो. खरं मला एक सांगा, आपण सभेत 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणतो तेव्हा नेमका काय ते का सांगत नाही? भाषेचा सांगतो, पाटीचा सांगतो. शेताचा अन्याय सांगत नाही, कारण तो सांगायचा तर आपल्यातल्याच खंड खाणाऱ्यांची नावं घ्यावी लागतात. आमचा मालक मराठीच बोलायचा, हो. दर काळ्या दिनाला त्याचं दुकान बंद असायचं.

पोरी, तू असं कर. आजीला 'इतिहास सांग' म्हणू नकोस, ती ५६ वरच येईल. तिला विचार: खंडाचं भात कुठे नेऊन घालायचा? मापायला कोण बसायचं? वाटेत बैल कुठे सोडायचे? आणि घरात सात नंबरच्या फॉर्मची पोच किंवा दहा नंबरचा दाखला आहे का बघ. दहा नंबर म्हणजे भोगवट्याचा हक्क लागल्याचा कागद. लोक देवघरात ठेवायचे. आमचा अजून तिथेच आहे, हळदकुंकवानं तारीख वाचता येत नाही.

शिनोळी_नाका लिहितात:

मास्तर, दुकान बंद ठेवायचा ते तरी खरं होतं ना? असो. आमच्यातही ३२ ग चा दाखला आहे, इतकी वर्षं कधी तारीख बघितली नव्हती. आत्ता बघितली.

रताळ्याची_वेल लिहिते:

काका, खूप आभार. काल रात्री आजीला फोन केला आणि तुम्ही सांगितलेलंच विचारलं. पाऊण तास बोलली. एरवी दोन मिनिटांत "बरी आहेस न्हवं, ठेव" म्हणते.

भात बेळगावात मालकाच्या वाड्यावर घालायचे. मापायला मालकाची विधवा बहीण बसायची आणि मापाला शीग लावून, म्हणजे काठाच्या वर रास चढवून घ्यायची. आजी म्हणाली, "बाईमाणूस होती म्हणून दया येईल वाटायचं, खरं तिचा हात पुरुषापेक्षा जड." बैल वाड्याबाहेर बांधायचे आणि पाणी मात्र लांबच्या आडावरून आणून पाजायचं.

आणि वन्संचं. त्यांच्या शेताची किंमत ठरून शेवटचा हप्ता भरला तेव्हा वन्संचे यजमान पेढे घेऊन आले होते. आजीच्या सासऱ्यांनी पेढा तोंडात टाकला, वर पाणी प्याले, "चांगलं झालं" म्हणाले, आणि उठून गाडी जुंपली. त्याच दिवशी खंड घालायचा होता. आजी म्हणते पेढे आणणाऱ्यालाच अवघड झालं, तो मग गाडीबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत चालत गेला.

देवघरात दहा नंबर नाही मिळाला. पण बाबा म्हणतात माडीवर पत्र्याची पेटी आहे, रविवारी उघडतील.

एक अडचण आहे. त्या मालकाच्या घरातले यात्रेला मोठी देणगी देतायत, स्मरणिकेत पहिल्या पानावर त्यांचा फोटो येणार आहे. हे सगळं आठव्या पानावर छापू का?

माळावरचा_म्हातारा लिहितात:

छाप. नाव घालू नकोस, शीग घाल. वाचणाऱ्याला कळतंय.

आणि पेटी उघडल्यावर कागद आधी उन्हात टाकू नका म्हणावं बाबांना. सावलीत.