अनुभव धागा: विद्यापीठाचे सत्र आणि ऋतूंचे गाणे

प्राजक्त

यंदा प्रवेश समितीवर माझे नाव आले आहे, त्यामुळे आषाढाचे बरेचसे दिवस गुणपत्रिका, जातीचे दाखले आणि स्थलांतर प्रमाणपत्रे तपासण्यात जात आहेत. परवा दुपारी बाहेर मुसळधार पाऊस होता आणि वरच्या मजल्यावरच्या संगीत विभागात एक विद्यार्थी मियाँ मल्हारातली एकच जागा घोटत बसला होता. कोमल गंधारावर यायचे, मध्यमाच्या आधाराने तो हलता ठेवायचा, आणि मग रिषभावरून षड्जावर उतरायचे. गंधार मनासारखा डोलला नाही की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता. खाली रांगेत उभे असलेले पालकसुद्धा हळूहळू बोलायचे थांबले होते.

त्या आवाजाने माझे संशोधनाचे दिवस जागे केले. वसतिगृहात शेजारच्या खोलीतला मित्र बासरी वाजवायचा आणि त्या त्या ऋतूचा राग महिना महिना सोडायचा नाही. माझ्या प्रबंधाचे कोणते प्रकरण कधी लिहून झाले हे मला आज तारखांवरून सांगता येणार नाही, पण रागांवरून नक्की सांगता येईल. सगळ्यांत अवघड प्रकरण गौड मल्हारात लिहून झाले आणि संदर्भसूचीचे किचकट काम बहारमध्ये.

विद्यापीठाचे वर्ष आता विषम आणि सम अशा दोन सत्रांत कापलेले असते आणि दोन्ही सत्रांचा चेहरा सारखाच असतो: अंतर्गत चाचणी, प्रात्यक्षिक, लेखी परीक्षा, निकाल. या सारखेपणात ऋतू हरवतो आणि त्याबरोबर वर्षही लक्षात राहत नाही, असे मला मनापासून वाटते. आपल्या शिकण्या-शिकवण्याच्या वर्षात कोणत्या ऋतूचे गाणे कुठे येऊन बसले आहे, हे इथे लिहावे. गाणे शास्त्रीयच असले पाहिजे असे नाही. भोंडला, वारीतले अभंग, दिवाळी पहाट, गावाकडची गाणी, सगळ्यांचे स्वागत आहे.

मंद्र सप्तक

मी संगीत विभागात शिकवते, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते. आमच्या अभ्यासक्रमात मल्हार सम सत्रात आहे. म्हणजे जानेवारीत शिकवायला घ्यायचा आणि एप्रिलच्या उन्हात त्याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची. उलट बसंत विषम सत्रात आहे, तो भर पावसाळ्यात शिकवावा लागतो. अभ्यासक्रम आखताना रागांची वाटणी अवघड-सोपे पाहून झाली, ऋतू पाहून झाली नाही.

यात नुकसान केवळ वातावरणाचे नाही. आपल्याकडे रागांना प्रहर ठरलेले आहेत आणि महाविद्यालयाची वेळ मात्र सकाळी उशिरा सुरू होऊन संध्याकाळी संपते. त्यामुळे रात्रीचे राग विद्यार्थी आयुष्यभर दुपारी शिकतात. याला अपवाद एकच आहे, तो म्हणजे ऋतुराग. मियाँ मल्हार एरवी मध्यरात्रीचा मानला जातो, पण वर्षा ऋतूत तो कोणत्याही वेळी गाता येतो असा संकेत आहे. बसंतही एरवी रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा, पण वसंतात केव्हाही गायचा. याचा अर्थ जुलैतल्या दुपारी दोनच्या तासाला मल्हार शिकवणे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भर दुपारी बसंत शिकवणे, या दोन गोष्टी परंपरेला धरून होतात. घड्याळ आणि परंपरा यांची गाठ पडण्याची ही संधी आपण दोन रागांची सत्रे उलटीपालटी ठेवून घालवतो, याचे मला फार वाईट वाटते.

हा विचार आपल्या मातीतला आणि जुना आहे. देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही रागांबरोबर ऋतू आणि वेळ सांगितलेली आहे.

हस्ताचा पाऊस

प्राजक्त, धागा काढलात ते फार चांगले केलेत. मी रसायनशास्त्र शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो, नेमक्या तेव्हाच अंतर्गत चाचण्या असतात आणि नेमका तेव्हाच आमचा भोंडला असतो. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा, आणि शेवटी खिरापत ओळखायची.

आमच्याकडे भोंडल्यात एक वेगळीच गोष्ट घडते. पुण्या-साताऱ्याच्या मुलींना हादगा-भोंडल्याची गाणी येतात, आणि विदर्भ-खानदेशातल्या मुली भुलाबाईची गाणी घेऊन येतात. त्यांच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई असते. सासर, माहेर, सासूने लावलेल्या अटी हा विषय दोन्हीकडे सारखाच, चाली मात्र वेगळ्या. पहिल्या वर्षाच्या ज्या मुली जूनपासून एकमेकींशी धड बोललेल्या नसतात, त्या एकमेकींची गाणी वहीत उतरवून घेतात. एका मुलीने प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर भुलाबाईची गाणी लिहिली होती आणि ती वही तपासायला माझ्याकडेच आली. मी ती पाने तशीच राहू दिली आणि प्रयोगाखाली सही केली.

निषाद

खिरापत कोणती असते हो? आमच्या वसतिगृहात भिजवलेली हरभऱ्याची डाळ असायची आणि ती पहिल्या फटक्यात ओळखली जायची.

हस्ताचा पाऊस

मुलीच ठरवतात, मला आधी सांगत नाहीत. गेल्या वर्षी साटोऱ्या होत्या आणि अगदी शेवटपर्यंत कुणाला ओळखता आल्या नाहीत.

जुना बाक

मी आता निवृत्त आहे. माझा ऋतू हेमंत, म्हणजे पुण्यातला डिसेंबर. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि आमच्या पिढीच्या विद्यापीठीय वर्षाला मधोमध एक खूण मिळाली. वार्षिक परीक्षेच्या पद्धतीत डिसेंबर मोकळा असायचा. दिवाळीची सुट्टी संपलेली, परीक्षा मार्च-एप्रिलवर, त्यामुळे विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच मंडपात रात्रभर बसू शकत. वर्गात ज्या मुलाने कधी तोंड उघडले नाही, त्याच्याशी पहाटे शाल पांघरून ललत आणि भटियार या पहाटेच्या रागांवर बोलणे होत असे.

पुढे दोन बदल झाले आणि दोन्हींचा परिणाम एकाच जागी झाला. सत्र पद्धतीने डिसेंबरमध्ये परीक्षा आणि उत्तरपत्रिका आणून ठेवल्या, आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांवर बंदी आणली. सरकारला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण मध्यरात्रीनंतरचे राग मंडपातून गेले ते गेलेच. नियम योग्य आहे, कारण आसपास आजारी आणि वृद्ध माणसे राहतात. तरीही आजच्या विद्यार्थ्याने थंडीत रात्रभर बसून, त्या बैठकीच्या शेवटी भैरवीपर्यंत पोहोचण्याचा अनुभव घेतलेला नाही, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

मंद्र सप्तक

सर, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत आहे. ललत शिकवताना मी विद्यार्थ्यांना घरी, पहाटे उठून गायला सांगते. वसतिगृहातल्या मुलांना तेही करता येत नाही, शेजारची मुले झोपलेली असतात.

शाई आणि चामडे

मी भौतिकशास्त्राचा, त्यामुळे गाण्यापेक्षा वाद्यांविषयी लिहितो. आमच्या विभागात दर पावसाळ्यात संगीत विभागातून तबला मागवून ध्वनिशास्त्राचा एक तास होतो. दमट हवेत पुडीचे, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचे, चामडे ओलावा धरते, सैल पडते आणि स्वर उतरतो. मग वादक बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून खाली सरकवतो, वाद्या (पुडी बांधणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) ताणल्या जातात आणि स्वर पुन्हा चढतो. कोरड्या हिवाळ्यात याच्या उलट होते. हे विद्यार्थ्यांना सूत्रावरून आधीच माहीत असते, पण हातोडीचा एक घाव पडून स्वर चढलेला कानांनी ऐकला की त्यांचे चेहरे बदलतात. शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल थरामुळे, तबल्याचे कंप स्वरमेळात बसतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांच्या संशोधनात दाखवले, तेही मी त्याच तासाला सांगतो. आमच्या अभ्यासक्रमातला हा एकच तास असा आहे, जो आषाढात एक सांगतो आणि पौषात दुसरे.

वैशाख

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो की आम्हाला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात आणि सत्र संपले की नेमणूकही संपते. त्यामुळे मे महिना बिनपगारी. ग्रीष्माचे गाणे कुणी सांगितले नाही म्हणून मी लिहितो आहे.

दुपारी घरी ऊन तापलेले असते तेव्हा मी मधमाद सारंग गातो. सा, रे, म, प आणि कोमल नी, एवढेच पाच स्वर. रिषभावर ऐसपैस थांबायचे, सरळ जायचे, सरळ यायचे. आणि पहिला पाऊस पडला की मेघ घेतो. मेघाचेही स्वर तेच पाच आहेत. फरक सगळा चालीत आहे: मेघात रिषभ मध्यमाचा स्पर्श घेऊन आंदोलित होतो, म्हणजे हळुवार हलतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे) लांबते, गमक (स्वराला दिलेला जोरकस हेलकावा) येते, आणि सारंगात जी जागा उघडी, कोरडी वाटत होती ती भरून येते. उन्हाळा आणि पावसाळा एकाच स्वरसमूहातून उभे राहतात, हे मला कुणी शिकवले नव्हते. पुढच्या नेमणुकीच्या पत्राची वाट पाहत असताना, एके दुपारी सारंग गाता गाता बाहेर आभाळ भरून आले आणि माझा रिषभ आपोआप हलू लागला, तेव्हा ते कळले. त्या काळात मला रियाजाने सावरले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

प्राजक्त

वैशाख, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ही पद्धत अन्यायाची आहे आणि आम्ही कायम नोकरीत असलेल्यांनी तिच्याविषयी याहून मोठ्या आवाजात बोलायला हवे. यंदाचे पत्र आले का?

वैशाख

अजून नाही, ताई. मेघ मात्र सुरू झाला आहे.

जुना बाक

वैशाख, पत्र येवो. पुण्यात आलात तर माझ्याकडे नक्की या, तानपुरा लावून ठेवतो.

पालखी

मी विद्यार्थी आहे, एम.ए. दुसरे वर्ष, गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्याकडे गणपतीत जाखडी, म्हणजे फेर धरून गायचा-नाचायचा खेळ, असते आणि शिमग्याला पालखी घरोघर फिरते. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, त्यामुळे दर वर्षी भाद्रपदात आणि फाल्गुनात मी दिवस मोजत बसतो. आमच्या मंडळात ढोलकी वाजवायला मीच असतो. मी गेलो नाही तर फेरच उभा राहत नाही. मागच्या वर्षी आमच्या लोकसाहित्याच्या सरांनी मला परत आल्यावर जाखडीतल्या शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या सवाल-जवाबांवर चर्चासत्रात बोलायला लावले आणि तेच माझे अंतर्गत मूल्यमापन धरले. आता माझ्या लघुप्रबंधाचा विषयही तोच आहे.

निषाद

तुमच्या सरांना नमस्कार सांगा. असे शिक्षक हवेत.

दक्षिणवारा

मी मेलबर्नला शिकवतो आणि इथे सगळेच उलटे आहे. आषाढात कडाक्याची थंडी, वसंत पंचमीला ऐन उन्हाळा आणि शैक्षणिक वर्षाची सुरुवात त्यानंतर. सप्टेंबरमध्ये वॅटलची झाडे पिवळीधमक होतात तेव्हा दुसरे सत्र चालू असते. इथल्या आमच्या छोट्या गायनवर्गात दर वर्षी हा वाद होतो की बसंत पंचांगाप्रमाणे गायचा की झाडांप्रमाणे. माझे मत झाडांच्या बाजूने आहे, पण वडीलधारी मंडळी माघापासून हटत नाहीत. मंद्र सप्तक, तुम्ही काय सांगाल?

मंद्र सप्तक

दादा, मी झाडांच्या बाजूने. ऋतुराग हा डोळ्यांसमोरच्या ऋतूसाठी आहे. कुमार गंधर्वांनी गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले, तेव्हा रागांच्या बरोबरीने माळव्यातली लोकगीतेही घेतली, कारण तिथल्या माणसांनी तिथला पाऊस आणि तिथली थंडी पाहून ती गायलेली होती. मेलबर्नचा वसंत सप्टेंबरात असेल तर बसंतही तेव्हाच. वडीलधाऱ्यांसाठी माघात एकदा गाऊन घ्यावा. त्यात कुणाचेच काही बिघडत नाही.

जुना बाक

मला हे पूर्णपणे पटत नाही. पंचांग ही सामूहिक आठवण आहे. परदेशात राहणाऱ्याला तीच तर टिकवायची असते. वॅटल कितीही सुंदर असले तरी ज्या माणसांबरोबर आपण वसंत पंचमी साजरी करतो त्यांचे मन मोडून राग गायचा नसतो.

दक्षिणवारा

सर, म्हणूनच हा वाद आमच्याकडे मिटत नाही. दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. या वर्षी दोन्ही वेळा गाऊ.

मंद्र सप्तक

प्राजक्त, या धाग्यामुळे मी एक काम हाती घेतले आहे. आमच्या अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत मल्हार विषम सत्रात आणि बसंत-बहार सम सत्रात हलवण्याचा प्रस्ताव मांडणार आहे. श्रेयांक तेच राहतात, तासिका तेवढ्याच, फक्त जागा बदलायची आहे. वैशाख, तुमचा सारंग आणि मेघाचा अनुभव मी नाव न देता प्रस्तावाच्या टिपणात जोडू का? मधमाद सारंग सम सत्राच्या शेवटी आणि मेघ पुढच्या विषम सत्राच्या सुरुवातीला ठेवला, तर मुलांना हा फरक स्वतःच्या गळ्यात सापडेल.

वैशाख

जरूर जोडा, मॅडम. स्वरलेखन करून पाठवतो, म्हणजे मंडळातल्या सदस्यांना दोन्ही चाली शेजारी ठेवून पाहता येतील.

हस्ताचा पाऊस

प्रस्ताव मंजूर झाला की इथे कळवा. आणि पालखी, ढोलकी घेऊन आमच्या भोंडल्याला ये. मुलींचे मागणे आहे, आणि अधीक्षकांची परवानगी आहे.